अल्पमोली लॅपटॉप : पारख आणि वापर

गेल्या वर्षी मृगाच्या आधी एका गावी शेतकरी गटाच्या बैठकीस जाण्याचा योग आला. गटाजवळ सभासदांच्या वर्गणीतून थोडी शिल्लक जमली होती आणि तीतून लॅपटॉप घ्यावा असा विचार चालला होता. तरुण सभासदांनी शहरातील दुकानात एक मोठे, झगझगीत यंत्र हेरून ठेवले होते. त्याची किंमत इतकी की, गटाची सारी शिल्लक संपून वर उसनवारी करावी लागली असती. उलट, वडीलधाऱ्यांपैकी एकांचे म्हणणे असे की, घरोघर मोबाइल असताना हा नवा खर्च मुळी करावयाचाच कशाला? अखेर दोन्ही बाजू माझ्याकडे वळल्या. 'साहेब, आता तुम्हीच सांगा,' असे म्हटल्यावर त्या दिवशी जे थोडक्यात सांगितले, तेच येथे सविस्तर मांडीत आहे. कारण हा प्रश्न त्या एका गावापुरता नाही.

माझे मत असे आहे : गटाने लॅपटॉप अवश्य घ्यावा, पण तो लहान आणि अल्पमोलाचा घ्यावा, आणि घेतल्यावर तो रोज वापरावा. या तीन गोष्टींपैकी शेवटची साधली नाही, तर पहिल्या दोन्ही व्यर्थ होत.

प्रथम मोबाइलचा प्रश्न. हवामानाचा अंदाज पाहणे, किडीचे छायाचित्र काढून पाठविणे, बांधावर उभे राहून ई-पीक पाहणी नोंदविणे, ही कामे मोबाइलवरच उत्तम होतात आणि त्यांसाठी लॅपटॉप घेण्याचे कारण नाही. परंतु पन्नास सभासदांची यादी, वर्षाचा जमाखर्च, बैठकीचे इतिवृत्त, योजनेच्या अर्जासोबत जोडावयाची कागदपत्रे, दोन हंगामांच्या उत्पन्नाची तुलना, ही कामे तळहाताएवढ्या पडद्यावर अंगठ्याने करू गेल्यास माणूस कंटाळतो आणि काम अर्धवट सोडून देतो. मोबाइल हे पाहण्याबोलण्याचे साधन आहे. लॅपटॉप हे लिहिण्याचे आणि हिशेबाचे साधन आहे. प्रत्येक घरी लॅपटॉप असावा असे मी म्हणत नाही. दहावीस कुटुंबांच्या गटात एक असला आणि तो चालता राहिला, तरी पुष्कळ झाले.

वर सांगितलेल्या कामांपैकी एकालाही बलाढ्य यंत्र लागत नाही. लहान यंत्राची कल्पना आपल्या खेड्यांना अगदीच नवखी आहे असेही नाही. रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैराट या छोट्या वस्तीच्या शाळेत २००७ साली, मुलांसाठी मुद्दाम घडविलेले लहान लॅपटॉप प्रयोगादाखल देण्यात आले होते. साडेसात इंची पडदा, २५६ एमबी स्मृती आणि १ जीबी साठवण एवढेच त्यांचे बळ. आजचा साधा मोबाइलही त्याहून कितीतरी सबळ असतो. तरी त्यांवर लिहिता येत असे, चित्रे काढता येत असत, छायाचित्रे घेता येत असत आणि उन्हातही पडदा वाचता येत असे. ज्या कामासाठी यंत्र घडविले, त्या कामाला ते पुरेसे होते. यंत्राची योग्यता त्याच्या आकारावरून नव्हे, कामावरून ठरवावी, एवढाच बोध आपण त्यातून घ्यावयाचा.

मात्र स्वस्त म्हणजे कसलेही, असा याचा अर्थ करू नये. येथे माझीच एक चूक सांगतो. नोकरीच्या प्रारंभीच्या काळात मी दुकानातील सर्वांत कमी किमतीचा लॅपटॉप उचलला. त्यात २ जीबी स्मृती आणि ३२ जीबी साठवण होती. पहिले वर्ष बरे गेले. पुढे संगणकाची मूळ प्रणालीच अद्ययावत होता होता सारी साठवण व्यापू लागली आणि ऐन खरिपाच्या तोंडावर एका सकाळी यंत्र सुरूच होईना. दुरुस्ती करणाऱ्याने प्रणाली नव्याने घालून दिली. पण दोन हंगामांच्या पीक-प्रात्यक्षिकांच्या नोंदी त्यात गेल्या त्या गेल्याच. शेतकऱ्यांनी आपली कामे बाजूस ठेवून, कापणी करून, वजने करून ते आकडे मला दिले होते. 'गेल्या साली बियाण्याचे प्रमाण कमी केलेल्या माझ्या तुकड्यात किती उतारा पडला होता?' असे त्यांपैकी एकाने विचारले, तेव्हा माझ्यापाशी उत्तर नव्हते. यंत्र निवडण्यात एक चूक झाली आणि दुसरी प्रत न ठेवण्याची दुसरी चूक झाली. वाचकांनी या दोन्ही टाळाव्यात.

बैल विकत घेताना आपण त्याची झूल आणि रंगविलेली शिंगे पाहत नाही. दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. लॅपटॉपचीही अशीच परीक्षा करावी.

पहिली गोष्ट स्मृतीची, जिला दुकानदार 'रॅम' म्हणतात. विंडोज ११ ही प्रणाली किमान ४ जीबी स्मृती आणि ६४ जीबी साठवण मागते. पण किमान म्हणजे पुरेशी नव्हे. ८ जीबी स्मृती असली म्हणजे जमाखर्चाचा तक्ता, इंटरनेटवरील अर्ज आणि एखादे पत्र ही तिन्ही कामे एकाच वेळी सुखाने चालतात. पुष्कळ लहान लॅपटॉपांत ही स्मृती आतील पाटीवर कायमची जोडलेली असते व मागाहून वाढविता येत नाही. तेव्हा 'पुढे वाढवू' या भरवशावर कमी स्मृतीचे यंत्र घेऊ नये. निदान ती वाढविता येते की नाही, हे आधी विचारून घ्यावे.

दुसरी गोष्ट साठवणीची. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये फिरणारी तबकडी असते आणि चालू स्थितीत हादरा बसल्यास ती बिघडण्याचा धोका असतो. एसएसडी या नव्या प्रकारात हलणारा भागच नाही. त्यामुळे ती हादरे सोसते आणि कामही पुष्कळ जलद करते. पिशवी मोटारसायकलला अडकवून खडकाळ रस्त्याने हिंडणाऱ्या कार्यकर्त्याने एसएसडीचाच आग्रह धरावा. २५६ जीबीची साठवण आपल्या कामास पुरून उरते.

तिसरी गोष्ट कळफलक आणि पडदा. दुकानातच पाच मिनिटे बसून दहा ओळी लिहून पाहाव्यात. कळा फार दाटीच्या असतील तर वय झालेल्या माणसाची बोटे चुकतात. अकरा इंची पडदा प्रवासास सोयीचा. परंतु जमाखर्चाचे आठ-दहा रकाने एकदम दिसावयाचे तर चौदा इंची बरा. फिरतीवरील कार्यकर्त्याने लहान आणि गटाच्या कचेरीने थोडा मोठा घ्यावा, हे उत्तम.

चौथी गोष्ट विजेची. खेड्यात वीज सांगून जात नाही. साधी कामे करताना लहान लॅपटॉपला सुमारे दहा वॅट वीज पुरते. रोज पाच तास काम केले तरी एक युनिट वीस दिवस जाते. टेबलावरच्या मोठ्या संगणकाचा खर्च याच्या कितीतरी पट असतो. बॅटरी किती तास टिकते हे खोक्यावर लिहिलेले असते, पण ते आदर्श स्थितीतील मोजमाप असते. प्रत्यक्षात त्याहून कमीच धरून चालावे.

पाचवी गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. यंत्र धडधाकट असले तरी त्याच्या प्रणालीला सुरक्षेची अद्यतने मिळणे बंद झाले, तर त्यावर पैशांचे व्यवहार करणे धोक्याचे होते. विंडोज १० ची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. म्हणून जुना लॅपटॉप स्वस्तात मिळत असेल तर तो विंडोज ११ चालवू शकतो का, हे प्रथम पाहावे. इंटेलच्या प्रोसेसरांत सामान्यतः आठव्या पिढीपासून पुढचे त्यास चालतात. लिनक्स ही विनामूल्य प्रणाली घातल्यास त्याहून जुनी यंत्रेही कामास येतात. मात्र ती समजणारा माणूस जवळपास हवा. क्रोमबुक नावाचे लॅपटॉप स्वस्त व सुटसुटीत असतात. पण त्यांचे बरेचसे काम इंटरनेटवर अवलंबून असल्यामुळे, जेथे टॉवरची रेंज धड नाही अशा वाडीवस्तीस ते तितकेसे उपयोगी नाहीत.

मोठ्या कचेऱ्यांनी वापरून काढलेले आणि दुरुस्त करून विकलेले लॅपटॉप पुष्कळदा नव्या हलक्या यंत्रापेक्षा मजबूत निघतात. ते घेण्यास हरकत नाही. पण प्रत्येक कळ दाबून पाहावी, बॅटरीवर अर्धा तास चालवून पाहावे आणि लेखी हमीसह पक्के बिल घेतल्यावाचून पैसे देऊ नयेत. नवे असो वा जुने, दुरुस्तीची सोय तालुक्याच्या गावी असावी. जे यंत्र बिघडल्यावर पुण्यामुंबईस पाठवावे लागते, ते सुगीच्या दिवसांत आपल्या कामाचे नाही.

आता वापराविषयी. मराठी लिहिताना युनिकोडचाच उपयोग करावा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर गेला की त्याची अक्षरे विस्कटतात आणि तालुक्याला पाठविलेली यादी कोणास वाचता येत नाही, हा अनुभव आमच्या कित्येक सहकाऱ्यांना आहे. इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा कळफलक १९८६ सालीच प्रमाण ठरला असून तो जवळजवळ प्रत्येक लॅपटॉपमध्ये फुकट असतो. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला आहेत. रोज अर्धा तास सराव केल्यास तो थोड्याच दिवसांत हाती बसतो. गावात बारावी झालेली एखादी मुलगी किंवा बचत गटातील एखादी ताई हे काम हौसेने उचलील. तिला ते सोपवावे आणि तिच्या वेळाचा योग्य मोबदलाही द्यावा.

पहिले काम म्हणून जमाखर्चाचा तक्ता करावा. तारीख, गट क्रमांक, पीक, काम, मजूरसंख्या, दर आणि एकूण रक्कम एवढे सात रकाने पुरेत. वहीत सोयाबीनची निंदणी, लग्नातला आहेर आणि किराणा हे सारे एकाच पानावर येते व वर्षअखेर त्यातून काही उलगडत नाही. तक्त्यात तेच आकडे क्षणात निवडता आणि बेरजेत घेता येतात. समजा, एका एकर सोयाबीनचा एकूण खर्च २४,००० रुपये झाला आणि उतारा ८ क्विंटल पडला. म्हणजे क्विंटलमागे ३,००० रुपये खर्च. हा एक आकडा ठाऊक असलेला शेतकरी बाजारात वेगळ्या विश्वासाने उभा राहतो. आपला माल खर्चाच्या वर जातो की खाली, हे त्याला दुसऱ्याने सांगावे लागत नाही. माझ्या मते लॅपटॉपच्या खरेदीचे सर्वांत मोठे समर्थन हेच आहे.

दुसरे काम प्रती ठेवण्याचे. कोणताही शहाणा शेतकरी सारे बियाणे एकाच कणगीत ठेवीत नाही. नोंदींचेही तसेच करावे. एक प्रत लॅपटॉपमध्ये, एक पेन ड्राइव्हवर आणि ती पेन ड्राइव्ह दुसऱ्या सभासदाच्या घरी. शक्य तेथे तिसरी प्रत इंटरनेटवरील साठवणीत. आठवडी बाजाराचा दिवस यासाठी ठरवून घ्यावा, म्हणजे विसर पडत नाही.

निगा फारशी लागत नाही. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत लॅपटॉप ठेवू नये. उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते. गादीवर किंवा पोत्यावर ठेवून वापरू नये, कारण खालची हवेची वाट बंद होते. खते व औषधे साठविलेल्या खोलीत तर मुळीच ठेवू नये. सभासदांची आधार कार्डे व बँकेची कागदपत्रे यंत्रात असतील तर परवलीचा शब्द लावावा आणि मोबाइलवर आलेला ओटीपी कोणासही सांगू नये. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी.

त्या गटाने पुढे काय केले, असे कोणी विचारील. त्यांनी दुरुस्त केलेला एक चौदा इंची लॅपटॉप घेतला आणि उरलेल्या पैशांत छपाईचे साधे यंत्र आणले. यंदा मी गेलो तेव्हा तो कपाटात नव्हता. टेबलावर होता, झाकणावर धुळीचे बोट उठत नव्हते आणि ज्या वडीलधाऱ्यांनी मूळ शंका काढली होती, तेच शेजारी बसून आपल्या तुरीचा खर्च सांगत होते व त्यांची नात तो लिहून घेत होती.

गावपातळीवर काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एवढीच विनंती आहे की, एखादा गट यंत्र घेण्याविषयी सल्ला विचारील तेव्हा त्याला प्रथम किंमत विचारू नका. रोज कोण बसणार आणि काय लिहिणार, हे विचारा. त्याचे उत्तर मिळाले, तर लहानसा लॅपटॉपही गटाला पुरेल. ते उत्तर नसेल, तर खरेदी एक हंगाम पुढे ढकलावी आणि तोवर हिशेबाची स्वतंत्र वही सुरू करून द्यावी.