नऊच्या बातम्या

१९४० च्या ऑक्टोबरात लंडनवर रोज रात्री बॉम्ब पडत होते आणि घराघरांत लोक नऊच्या बातम्यांसाठी रेडिओभोवती जमत होते. १५ तारखेला बीबीसीच्या ब्रॉडकास्टिंग हाउसवरच बॉम्ब पडला. सातव्या मजल्याच्या खिडकीतून शिरलेला तो बॉम्ब लगेच फुटला नाही. पाचव्या मजल्यावरच्या संगीत-ग्रंथालयापाशी जाऊन अडकला. ब्रूस बेलफ्रेज बातम्या वाचत असताना स्फोट झाला. श्रोत्यांना दबका आवाज ऐकू आला, बेलफ्रेज क्षणभर थांबले, आणि धुळीने माखलेल्या अंगाने त्यांनी पुढची बातमी वाचली.

या धीराची आठवण पुन्हा पुन्हा काढली जाते, आणि ती काढावीच. पण त्या स्फोटात बीबीसीचे सात कर्मचारी गेले, हे त्याच दमात सांगितलं पाहिजे. ते कुणाच्या कानांना परिचित नव्हते.

निवेदकांनी स्वतःचं नाव सांगायची प्रथाही त्याच वर्षी पडली. शत्रूने सूत्रं हाती घेऊन खोट्या बातम्या दिल्या, तर लोकांना आवाजावरून ओळखता यावं, हा हेतू. विश्वास असा माणसाच्या गळ्याशी बांधलेला होता.

याच युद्धकाळात बीबीसीत एक मराठी आवाजही होता: वेणू चितळे. जॉर्ज ऑर्वेल यांच्याबरोबर त्यांनी भारतासाठीच्या प्रसारणात काम केलं, आणि रेशनवर घर चालवणाऱ्या ब्रिटिश गृहिणींना 'किचन फ्रंट' कार्यक्रमातून भारतीय स्वयंपाकही सांगितला.