मिशाळ माशांचें घर

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या स्वयंपाकघरांत मत्स्याचा प्रवेश नाहीं, हें आम्ही जाणतों. तेव्हां या महिन्याचा विषय पाहून घरोघरची वडील मंडळी भुंवया चढवील, हेंही आम्ही धरून चालतों. परंतु ज्या समाजानें दशावतारांची गणना मत्स्यापासून सुरू केली, त्यास गांवच्या नदींतील माशांची ओळख नसावी, हें कांहीं भूषण नव्हे. खाणें वेगळें आणि जाणणें वेगळें.

हल्लीं सुटींत घरीं येणारे तरुण, विशेषतः अमेरिकेंत नोकरीस असलेले, एक प्रश्न हटकून विचारतात. तिकडे ‘चॅनेल कॅटफिश’ नांवाचा मासा गळानें धरण्यासाठीं लोक तलाव शोधीत हिंडतात. तसें पाणी आपल्या खानदेशांत कोठें आहे? तो विशिष्ट मासा उत्तर अमेरिकेचा. आपल्या नद्यांचा तो रहिवासी नव्हे. पण त्याच्या गोत्रांतले, म्हणजे मांजरासारख्या मिशा असलेले व अंगावर खवले नसलेले मासे आपल्याकडे पूर्वापार आहेत. शिंगाळा, शिवडा आणि मागूर हीं त्यांतलीं प्रमुख नांवें.

हे मासे आपल्या पूर्वजांस अपरिचित नव्हते. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत हव्यकव्यास चालणाऱ्या माशांत रोहिताबरोबर ‘पाठीन’ सांगितला आहे. हा पाठीन म्हणजेच आपला शिवडा, असें अभ्यासक मानतात. हिंदींत त्यास अद्याप पढिन म्हणतात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत तर ‘मत्स्यविनोद’ नांवाचें स्वतंत्र प्रकरणच आहे. कोणता मासा समुद्रांत राहतो व कोणता नदींत, खवल्यांचा कोणता व नुसत्या कातडीचा कोणता, कोणास कोणतें आमिष रुचतें, याची त्यांत पद्धतशीर मांडणी आहे. पुढें १८३९ साली कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानें दख्खनच्या माशांचें वर्णन प्रसिद्ध केलें, तेव्हां त्यानें पुष्कळ ठिकाणीं मराठी नांवेंच लॅटिन वेषांत उभीं केलीं. शिंगाळ्याचें शास्त्रीय नांव ‘स्पेराटा सींघाला’ असें आहे. जगांतील कोणत्याही देशाचा प्राणिशास्त्रज्ञ या माशाचा उल्लेख करतो, तेव्हां तो नकळत एक मराठी शब्द उच्चारतो!

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. चांगला तलाव कोणता, हें ठरविण्यापूर्वीं या माशाचा संसार कसा चालतो तें पाहिलें पाहिजे. मिशाळ मासा दृष्टीवर फारसा विसंबत नाहीं. त्याच्या मिशा हेंच त्याचें नाक, जीभ आणि चांचपणारें बोट. गढूळ पाण्यांत व रात्रीच्या अंधारांत तो त्यांच्या बळावर भक्ष्य हुडकतो. म्हणून दिवसा तो खोल डोहांत, बुडालेल्या झाडांच्या बुंध्यांशीं अथवा कांठाच्या कपारींत दबून असतो, आणि दिवस मावळल्यावर उथळ पाण्याकडे येतो. मोठ्या धरणाच्या जलाशयांत त्याचा माग काढावयाचा असेल, तर जुन्या नदीचें बुडालेलें पात्र कोठून गेलें आहे हें प्रथम विचारावें. खोली व गारवा तेथेंच असतो. पहिल्या पावसाचें पाणी ज्या ओढ्यांतून आंत शिरतें, त्या मुखाशीं लहान मासे गोळा होतात आणि त्यांच्या पाठोपाठ शिवडाही येतो.

या कसोटीवर आपलीं पाणीं लावून पाहूं. एरंडोलची अंजनी पावसाळ्यांत भरून वाहते, पण उन्हाळ्यांत तिचें पात्र कोरडें पडतें. मोठ्या माशानें वर्षभर राहावें असें तें घर नव्हे. गिरणा पूर्वीं डोहांसाठीं प्रसिद्ध होती. १९६९ साली नाशिक जिल्ह्यांत गिरणा धरण पूर्ण झाल्यापासून खालचें पात्र बरेंचसें आवर्तनाच्या पाण्यावर अवलंबून आहे. खोल पाणी आतां धरणाच्या पोटांत आहे. आमच्या मतें खानदेशांत या माशास सर्वांत मानवणारें पाणी म्हणजे तापी-पूर्णेच्या संगमाजवळचा, भुसावळ तालुक्यांतील हतनूर धरणाचा जलाशय. दोन नद्यांचा गाळ तेथें सांचतो, पाणी विस्तीर्ण आहे, आणि गाळाबरोबर लहान माशांची व किड्यांची चंगळ असते. हिंवाळ्यांत हजारों पाणपक्षी तेथें उतरतात, तें उगाच नव्हे. पद्मालयाच्या कमळतळ्यासारख्या देवस्थानच्या पाण्यांत मात्र कोणीं गळ टाकूं नये, हें सांगण्याची गरज नसावी.

परंतु तलाव सांपडला म्हणजे मासा सांपडलाच, असें नाहीं. शिवड्याची गणना आज जागतिक निसर्गसंरक्षण संघाच्या यादींत संकटग्रस्त माशांत झाली आहे. कारणें आपल्या डोळ्यांसमोर आहेत. नदींतील वाळू उपसली जाते. ज्या तळावर शिंगाळा खळगा करून अंडीं घालतो व नर त्यांची राखण करतो, तो तळच नाहींसा होतो. आषाढ-श्रावणांत, ऐन विणीच्या वेळीं, पोटुशी मादी जाळ्यांत धरली जाते. त्यांत भर म्हणून आफ्रिकेचा मागूर गुपचूप तळ्यांत सोडला जातो. तो हवेंतूनही श्वास घेतो, घाणींत जगतो व दिसेल तो मासा गिळतो. केंद्र सरकारनें २००० साली त्याच्या पैदाशीस बंदी केली, तरी पैशाचा लोभ बंदीस जुमानत नाहीं.

म्हणून गळ घेऊन निघणाऱ्या तरुणांस आमचें सांगणें थोडें आहे. मोठे जलाशय बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्यानें असतात. त्यांची अनुमति घ्यावी. त्या पाण्यावर भोयांचीं घरें चालतात. त्यांचा हक्क आपल्या हौसेहून मोठा आहे. कोणता डोह खोल व कोणता गाळानें भरला, हें त्यांच्याइतकें कोणास ठाऊक नसतें. तेथें शिष्यभावानें विचारावें. धरणाच्या दारांखालीं कधीं उभें राहूं नये. पावसाळ्यांत दारें उघडतात तेव्हां पाणी पळायलाही वेळ देत नाहीं. शिंगाळ्याच्या पाठीवरील व कल्ल्यांमागील कांटा दांतेरी असतो; मुलांस हात लावूं देऊं नये. विणीच्या महिन्यांत गळ घरीं ठेवावा, एरव्हीं मादी ओळखतां आली तर सोडून द्यावी, आणि परका मासा कोणत्याही पाण्यांत सोडूं नये.

ज्यांस मासा धरावयाचाच नाहीं, त्यांनीं निदान नातवंडांस घेऊन एखाद्या सायंकाळीं हतनूरच्या कांठीं जावें व त्यांस या माशांचीं नांवें सांगावीं. आमच्या शाळेंत इंग्रजी पुस्तकांतील माशांचीं नांवें मुलें घडाघडा म्हणत. गांवच्या नदींतील पांच माशांचीं नांवें विचारलीं कीं वर्ग गप्प बसे. ज्याचें नांव घरांत कोणी घेत नाहीं, तें नाहींसें झालें तरी कोणास कळत नाहीं.