शेपटीला 'सदृश'

तासाभरात १०० मिलीमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत कोसळला, तर हवामान विभाग त्याला ढगफुटी म्हणतो. असे क्वचितच घडते. मराठी बातम्यांत मात्र ढग जून ते ऑक्टोबर तालुक्यातालुक्यांत फुटत असतात, फक्त त्यांच्या शेपटीला 'सदृश' बांधलेले असते. 'ढगफुटीसदृश पावसाने हाहाकार', 'जनजीवन विस्कळीत', 'प्रशासन सतर्क' एवढे छापून झाले की पाऊस किती पडला, हे सांगायची गरज कोणाला वाटत नाही. आकडा मिळत नाही म्हणावे, तर सरकारच्या 'महावेध' प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रे महसूल मंडळांत उभी आहेत. शेतकऱ्याचा जीवही त्या आकड्यातच अडकलेला असतो, कारण मंडळात २४ तासांत ६५ मिलीमीटरची रेघ ओलांडली तरच सरकारदरबारी ती अतिवृष्टी. पाऊस त्या रेघेच्या अलीकडेच थांबला, तर ढगफुटीसदृश बातमीचे कात्रण घेऊन शेतकरी भरपाई मागायला कुठे जाणार?

नेमका शब्द टाळण्याची ही खोड बहुधा सरकारकडून उचललेली. १९६३ साली महाराष्ट्राने राज्यातल्या कायद्यांमधून 'फॅमिन' हा शब्दच वगळणारा कायदा केला. १९७२च्या दुष्काळाने तो वाचला नसावा. पुढे २३ ऑक्टोबर २०१८ रोजी १८० तालुक्यांत 'दुष्काळसदृश' परिस्थिती जाहीर झाली आणि आठ दिवसांतच, ३१ तारखेला, १५१ तालुक्यांत सदृश गळून नुसता दुष्काळ उरला. पण सरकारी सदृशामागे निदान हिशेब असतो: तालुक्यांची यादी, सवलतींचा आदेश, पुढच्या पायरीआधीची सवड. वृत्तपत्राच्या सदृशामागे यादी नाही आणि आदेशही नाही.

यावर सांगतात, की वार्ताहर काही हवामानतज्ज्ञ नव्हे. पावसाची अधिकृत नोंद सकाळी साडेआठची आणि अंक तर रात्रीच छापायचा. पर्जन्यमापक दर डोंगरावर नसतो, गावकरी ढग फुटला म्हणतात. मग 'सदृश' ही सावधगिरीच नव्हे का? युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पण सावध माणूस आपली शंका आठ कॉलमी मथळ्यात लावत नाही. पुलावरून पाणी किती वाजता गेले, किती वेळ वाहिले, घरात कुठल्या पायरीपर्यंत चढले, हे गावकरी त्याच रात्री सांगतात आणि ते लिहायला तज्ज्ञ लागत नाही. आकडा दुसऱ्या दिवशी आला, तर दुसऱ्या दिवशी छापावा. २६ जुलै २००५च्या त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलीमीटर आणि कुलाब्याला जेमतेम ७३. या दोन आकड्यांना कोणते विशेषण लावणार?

शिवाय ढग फुटला म्हटले, की आरोपी आभाळात जातो. नाल्यावर स्लॅब टाकणारा, ओढ्यात भराव घालणारा आणि अशा बांधकामाच्या नकाशावर सही करणारा असे सगळेच सुटतात. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याच्या पुरात माणसे गेली, तेव्हाही ढगफुटीची चर्चा झालीच. ओढ्याचे पात्र कुठे किती आवळले गेले, हे मात्र दुसऱ्या दिवशी टेप लावून मोजता आले असते.