घर हरवलेल्या वस्तू

ज्या स्त्रीने आपल्या उमेदीची सारी वर्षे परक्यांच्या वस्तू वाळवी, कसर, ओल आणि वरिष्ठांचा उत्साह या चार शत्रूंपासून वाचविण्यात वेचली, तिच्या स्वतःच्या घरात मात्र जपून ठेवलेली म्हणावी अशी एकही वस्तू आढळू नये, याचे तिच्या निधनानंतर समाचाराला आलेल्या मंडळींना मोठेच आश्चर्य वाटले. भिंतीवर दिनदर्शिकेखेरीज चित्र नव्हते, काचेच्या कपाटात औषधे व पोस्टाची कागदपत्रे होती, आणि ज्या पितळी डब्याच्या घाटाविषयी एखाद्या जाणकाराने पानभर मजकूर लिहिला असता, त्या डब्यात नेहमीप्रमाणे शेंगदाण्याचे कूट होते. तिच्या खात्यातून सेवानिवृत्त झालेल्या एका वृद्ध गृहस्थांनी चहाचा पेला खाली ठेवीत अदबीने विचारले, "बाईंचा स्वतःचा संग्रह कुठे असतो?" माझे काका क्षणभर गोंधळले आणि म्हणाले, "आम्ही वापरून संपवला." गृहस्थ हसले नाहीत, त्यांनी नुसती मान डोलावली. बाईंना ते आमच्याहून अधिक ओळखत असावेत.

आजीचा जन्म 1930 चा, औंध संस्थानातला. तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले हे चिमुकले संस्थान नकाशावर शोधावे लागत असले, तरी त्याचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या व्यासंगाचा पसारा मोठमोठ्या दरबारांना लाजविणारा होता. शाळाशाळांतून सूर्यनमस्कार घालून घेणारा हा राजा स्वतः कुंचला हाती धरी व कीर्तनाला उभा राही. 1916 साली त्याने स्वतःच्या चित्रांसह रामायण प्रसिद्ध केले, महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा संकल्प पुण्याच्या भांडारकर संस्थेत रुजावा म्हणून खटपट केली व द्रव्यही पुरविले, अजिंठ्याच्या लेण्यांवर पुस्तक लिहिले, आणि 1938 साली यमाईच्या डोंगरावर श्री भवानी वस्तुसंग्रहालय उभारले. राजा रविवर्म्याची आणि धुरंधरांची चित्रे, पाश्चात्त्य चित्रकारांच्या कृतींच्या नकला आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे माता-बालकाचे शिल्प, असा सगळा ऐवज सातारा जिल्ह्यातील एका डोंगरावर एकत्र नांदतो, हे ऐकून आजही पुष्कळांचा विश्वास बसत नाही. आजीचे वडील संस्थानच्या दप्तरात कारकून होते. त्यांनी आपल्या आठ वर्षांच्या मुलीला नवे संग्रहालय दाखवायला नेले, तेव्हा इतर मुले चित्रांतील दागिन्यांकडे पाहत राहिली. हिचे लक्ष मात्र चौकटीवरील क्रमांकाकडे गेले. "राजाच्या चित्रालाही नंबर असतो हे बघितलं," असे ती पुढे सांगे, "आणि मला राजापेक्षा तो नंबर लिहिणाऱ्याचा हेवा वाटला."

8 मार्च 1948 रोजी संस्थान विलीन झाले, पणजोबांची नोकरी नव्या सरकारच्या आस्थापनेवर वर्ग झाली, आणि यथाकाल आजीचे लग्न होऊन ती औंधाबाहेर पडली. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात 1952 साली संग्रहालयशास्त्राचे अध्यापन सुरू झाले होते. पुढे काही वर्षांनी, पदरी मूल असताना, ती तेथे शिकायला गेली. सासऱ्यांचा विरोध, आजोबांची मूक संमती, नणंदेने सांभाळलेले मूल, या प्रकरणाचा तपशील आजीने कधी रंगवून सांगितला नाही, व मलाही येथे तो विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन दिसत नाही. त्या पिढीतील बहुतेक शिकलेल्या स्त्रियांच्या गाठी असलीच एकेक हकीकत होती. परत आल्यावर एका सरकारी संग्रहालयात सहाय्यक अभिरक्षक म्हणून ती रुजू झाली आणि अभिरक्षक म्हणून निवृत्त झाली. मधल्या काळात तिने काय केले, असे कोणी विचारले तर तिचे उत्तर ठरलेले असे : "नोंदी केल्या."

हे उत्तर विनयाचे नव्हते. संग्रहालयाचा प्राण दालनात नसून दाखल नोंदवहीत असतो, हे तिचे मत अखेरपर्यंत अढळ राहिले. क्रमांक, दिनांक, वर्णन, मापे, प्राप्तीचा मार्ग, स्थिती, शेरा अशा रकान्यांची ती जाडजूड वही. तीत एकदा चढलेली ओळ खोडता येत नाही, चूक झालीच तर तांबड्या शाईने दुरुस्ती करून खाली सही करावी लागते. वस्तू चोरीला गेली तर नोंदीवरून शोधता येते. नोंदच गेली तर समोर असलेली वस्तूही मुकी होते. म्हणून लिहिताना ती अतिशय कृपण असे. एका घरंदाज गृहस्थांनी आपल्या वाड्यातील तलवार संग्रहालयास बिनशर्त दिली आणि ती प्रत्यक्ष शिवकालीन असून एका प्रसिद्ध रणांगणावर चाललेली आहे, असे वहीत नमूद करावे, असा आग्रह धरला. आजीने एका ओळीत "दात्याचे कथन" म्हणून ती सारी वंशकथा उतरून घेतली आणि खालच्या ओळीत "अभिरक्षकाचे मत" म्हणून लिहिले : "घाट उत्तरकालीन. मूठ मागाहून बसविलेली. अधिक पुराव्याअभावी कालनिश्चिती करता येत नाही." गृहस्थांनी वरपर्यंत तक्रार नेली, जाबसाल झाले, एक लांबलचक खुलासा मागविण्यात आला. खुलाशात आजीने एवढेच कळविले की, दोन्ही विधाने वहीत राहू द्यावीत. पुढे येणारा जाणकार आपला निवाडा करील. मला स्वतःला इतिहासाच्या लेखनातील प्रामाणिकपणाची याहून सुटसुटीत रीत ठाऊक नाही, आणि आपल्याकडील पुष्कळशा शिलाफलकांना तिची नितांत आवश्यकता आहे.

परंतु तिचा खरा गुरुमंत्र होता तो हात आवरण्याचा, आणि तो मनावर ठसविण्यासाठी ती नेहमी अजिंठ्याची कथा सांगे. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने 1844 पासून वर्षानुवर्षे खपून काढलेल्या तेथील भित्तिचित्रांच्या बहुतेक नकला 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत भस्मसात झाल्या. पुढे 1872 पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांना बरोबर नेऊन तेच काम नव्याने आरंभिले, ते तडीस नेले, आणि त्यांतीलही पुष्कळ नकला 1885 साली लंडनच्याच दुसऱ्या आगीत गेल्या. येथवर ऐकणारा नियतीला बोल लावून मोकळा होतो. आजी मात्र येथून पुढे आवाज चढवी. कारण नकला करताना रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निश फिरविण्यात आले होते. आणि त्यानंतर 1920 च्या सुमारास निजाम सरकारने खास इटलीहून आणविलेल्या तज्ज्ञांनी रंगांचे सुटू पाहणारे पापुद्रे मोठ्या कौशल्याने भिंतीला पुन्हा चिकटविले खरे, पण सगळ्यावर लाखेचा जो लेप चढविला तो कालांतराने पिवळा पडला, त्याने धूळ धरून ठेवली, आणि तो उतरविण्यात नंतरच्या रसायनशास्त्रज्ञांच्या पिढ्या गुंतून पडल्या. "आगीनं नकला गेल्या," आजी म्हणे, "मुळाला डाग लागला तो प्रेमानं." नव्याने रुजू झालेल्या प्रत्येक सहाय्यकाला ती प्रथम हेच ऐकवी, आणि मग त्याच्या हाती मऊ कुंचला देऊन दोन महिने केवळ धूळ झाडायला लावी. कागदावरील चित्रावर 50 लक्सहून अधिक प्रकाश पडता कामा नये, हा दंडक ती इतक्या निष्ठुरपणे पाळी की, पाहुण्या मंत्र्यांना दालनात चाचपडत जावे लागल्याची आठवण तिच्या कार्यालयात बराच काळ सांगितली जात होती.

अशा स्त्रीचे घर अंधारे, निषिद्धांनी भरलेले असेल अशी कोणाचीही कल्पना व्हावी. प्रत्यक्षात सकाळी सहाला ती सगळ्या खिडक्या सताड उघडी आणि ऊन थेट देवघरापर्यंत आत घेई. आम्हा नातवंडांना कशालाही हात लावण्याची मुभा होती. तिच्या सासूबाईंचा चांदीचा करंडा आमच्या गोट्यांसाठी वापरात होता. तिच्या आईची पैठणी, पदर विरू लागताच, तिने स्वतः कात्री घेऊन कापली व तिच्या दुपट्यांत घरातील तीन तान्ही मुले गुंडाळली गेली. जरीच्या त्या तुकड्यांना आज बाजारात काय मोल आले असते, असे माझी आई हळहळून म्हणे, तेव्हा आजी शांतपणे सांगे की, ज्या वस्तूला घर आहे तिला संग्रहालय लागत नाही. संग्रहालय हे घर हरवलेल्या वस्तूंसाठी असते.

हे मत तिने कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील संग्रहालयात आम्हाला प्रत्यक्ष दाखविले होते. 1945 च्या सुमारास पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडाचे उत्खनन झाले, तेव्हा तेथे भूमध्य समुद्राकडील पोसायडन या सागरदेवतेची लहानशी कांस्यमूर्ती सापडली. कोठला समुद्र, कोठले ते व्यापारी, आणि समुद्रापासून इतक्या दूर, सह्याद्री ओलांडून, या देवाने कोणाच्या घरी मुक्काम केला, याचा कसलाही पुरावा तो स्वतः देऊ शकत नाही. "याला आता कोण पूजणार आणि कोण विसर्जन करणार?" आजीने विचारले होते. "याच्या भाषेत बोलणारं इथं कुणी उरलं नाही. म्हणून याला काच." तिच्या लेखी काच हा सन्मान नव्हता, निराश्रितासाठी केलेली ती सोय होती.

या न्यायाने पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाविषयी तिचे मत मोठे गुंतागुंतीचे होते. दिवे, अडकित्ते, कुलपे, वज्र्या, फण्या असल्या नित्याच्या वापरातील वस्तूंसाठी गावोगाव हिंडून, पदरमोड करून, कै. दिनकर केळकरांनी आपल्या दिवंगत मुलाच्या नावे जो संग्रह उभा केला व पुढे शासनाच्या स्वाधीन केला, त्याच्यापुढे ती नतमस्तक होई. चाळीसपन्नास तऱ्हांचे अडकित्ते घडविणाऱ्या अनामिक कासाराला इतिहासात जागा मिळवून देणारा हा पहिला माणूस, असे ती म्हणे. पण दिव्यांच्या दालनात ती फार वेळ थांबत नसे. एवढे दिवे आणि एकातही तेल नाही, हे तिला सोसत नसे. वारल्यांच्या लग्नचौकाबाबतही तिची अशीच दुविधा होती. सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने कुडाच्या भिंतीवर रेखलेला चौक पुढल्या सारवणात नाहीसा होणार, हे त्याच्या जन्मापासून ठरलेले असे. तो कागदावर आला, जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या कलावंताचे नाव त्यामुळे जगाला कळले, हे तिला मान्य होते आणि त्याचा तिला आनंदही होता. मात्र तसल्या चित्राची नोंद करताना "माध्यम" या रकान्यात ती कागद आणि रंग लिहून थांबत नसे. "मूळ स्थान : घराची भिंत" असे पुढे आवर्जून जोडी.

तिचे हे तत्त्वज्ञान मला पूर्णपणे पटलेले नाही. वस्तू वापरून संपवावी हे म्हणणे, जिच्या हाताखाली हजारो वस्तू सुरक्षित होत्या तिला शोभते. आम्हा सामान्यांना मात्र माणूस गेल्यावर हात ठेवायला काहीतरी लागते. पैठणीचा वीतभर तुकडा उरला असता तर काय बिघडले असते, असे मला आजही वाटते, आणि कोणी अजिंठ्याचा दाखला देऊन माझे समाधान करू पाहील तर ते होणार नाही. शिवाय तिच्या मतात एक फट होती, ती मी तिच्या हयातीत तिला कधी बोलून दाखविली नाही : घर हरवण्याआधीच वस्तू संपली, तर तिची नोंद कोण करणार?

नोंद मात्र होती. आम्हाला ती माहीत नव्हती इतकेच. संग्रहालयातून एखादे चित्र परगावच्या प्रदर्शनास जाते तेव्हा त्याच्यासोबत स्थितीचा अहवाल जातो. कोठे भेग, कोठे ओरखडा, चौकटीचा कोणता कोपरा खचलेला, हे सारे देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने सहीनिशी मान्य करावयाचे असते. स्वयंपाकघराच्या फडताळात सापडलेल्या जुन्या चौपदरी वहीत आजीने आपल्या घरातून उसन्या गेलेल्या भांड्याकुंड्यांचे नेमके असेच अहवाल लिहून ठेवलेले निघाले. "पितळी परात, मोठी. कोणास : वरच्या मजल्यावर. प्रयोजन : बारसे. स्थिती : काठास पोचा, पूर्वीचाच." "पुरणयंत्र. प्रयोजन : श्रावणी शुक्रवार. स्थिती : दांडा सैल, कल्पना दिली आहे." अशी पानेच्या पाने. परत आल्याच्या दिनांकाचा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा. आणि तिने कोणाकडे कधी तगादा लावल्याचे आमच्यापैकी एकाच्याही ऐकिवात नाही. काकांनी वही हाती येताच वसुलीची भाषा सुरू केली, ती आम्ही सर्वांनी मिळून बंद पाडली.

गेल्या आठवड्यात मात्र शेजारच्या इमारतीतील एक बाई आपण होऊन पितळी सोऱ्या परत करायला आल्या. त्यांच्या आईने तो कधीकाळी दिवाळीसाठी नेला होता. आतेबहिणीने वही काढली, दिनांक घातला, त्यांची सही घेतली आणि नोंदीप्रमाणे चकत्या मोजल्या. वहीत पाच लिहिलेल्या आहेत; आल्या चार. पहिल्यापासून चारच होत्या, असे बाईंचे निक्षून सांगणे पडले. आतेबहिणीने शेऱ्याच्या रकान्यात त्यांचे कथन आणि त्याखाली आजीची नोंद, दोन्ही लिहून ठेवली आहेत. सोऱ्या सध्या चकल्यांच्या कामी काकूकडे गेला आहे.