पंढरपूर पाहुण्यांसाठी की वारकऱ्यांसाठी?

भाईंदरच्या स्टील कारखान्यातला कामगार आषाढीसाठी बिनपगारी रजा काढतो आणि खांद्याला पिशवी अडकवून पंढरपूरची वाट धरतो. पाठीवर भलीथोरली सॅक बांधलेला एखादा परदेशी तरुणही त्याच दिवसांत चंद्रभागेच्या वाळवंटात येऊन उभा राहतो. दोघांचेही खिसे बेताचेच. दोघेही स्वस्तातला मुक्काम शोधत असतात. परंतु सरकारी भाषेत दुसरा 'पर्यटक' ठरतो आणि पहिला 'गर्दी'. पंढरपूरच्या विकासाविषयी आज जे बोलले जाते, त्याचे मर्म या दोन शब्दांत आहे.

परदेशी पाहुण्याशी आमचे भांडण नाही. फ्रेंच जेझुइट अभ्यासक देल्यूरी यांनी 1960 साली विठ्ठलभक्तीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. जर्मन पंडित गुंथर सोन्थायमर यांनी वारीवर चित्रपट केला. दूरदेशीच्या माणसांनी आपल्या लोकपरंपरेचे मोल जाणले, याचा आनंदच आहे. आमचे भांडण आहे ते पाहुण्याच्या डोळ्यांचे निमित्त करून गरिबाला वाटेतून हटवू पाहणाऱ्यांशी.

काशीचा कॉरिडॉर डिसेंबर 2021 मध्ये खुला झाला आणि त्यापाठोपाठ पंढरपुरातही तसाच कॉरिडॉर उभारण्याची भाषा सुरू झाली. घरे-दुकाने जाण्याच्या भीतीने रहिवासी आणि व्यापारी विरोधात उभे राहिले. मंदिराभोवतालच्या गल्ल्या अरुंद आहेत, चेंगराचेंगरीचा धोका आहे, हे योजनेच्या समर्थकांचे म्हणणे खोटे नाही. परंतु वारकऱ्याची निकड पिण्याच्या पाण्याची, निवाऱ्याची आणि शौचालयाची आहे. वारीतल्या स्त्रियांना तर साधा आडोसा मिळण्याची मारामार असते. या गरजांचा हिशेब प्रथम मांडावा आणि मगच रस्त्याची रुंदी ठरवावी, असे या समर्थकांना का वाटत नाही?

या प्रश्नाचा इतिहास लाजिरवाणा आहे. आषाढीला लक्षावधी यात्रेकरू येऊन जात, वाळवंट मैल्याने भरून जाई आणि तो हाताने उपसण्याचे काम जातीने नेमून दिलेल्या माणसांच्या वाट्याला येई. हाताने मैला उचलण्यास बंदी करणारा कायदा 2013 साली नव्याने झाला. तरीही पंढरपुरात शौचालये उभारावीत आणि वाळवंटातील राहुट्या हलवाव्यात, यासाठी मुंबई उच्च न्यायालयाला आदेश द्यावे लागले. पुढे 65 एकरांच्या जागेवर दिंड्यांच्या मुक्कामाची सोय झाली. समतेचा गजर करीत जाणाऱ्या लोकांच्या मागून झाडू घेऊन कोण चालतो, हे न्यायालयाने विचारेपर्यंत शासनाला सुचू नये, याला काय म्हणावे?

महाद्वारापाशी चोखोबांची समाधी आहे. ज्या संताला जन्मभर दाराबाहेर ठेवले, त्याच्या समाजबांधवांसाठी ते दार उघडावे म्हणून साने गुरुजींना मे 1947 मध्ये प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क रद्द करणारा कायदा 1973 चा. सर्वोच्च न्यायालयात त्याचा अखेरचा निकाल लागायला जानेवारी 2014 उजाडले. पंढरपुरात जे जे बदलले, ते दाराबाहेरच्या माणसासाठी कोणीतरी झगडल्यामुळे बदलले. दर्शनी भाग रंगवून त्यातले काहीच घडले नसते.

म्हणून मीरा-भाईंदरसारख्या श्रमिकांच्या शहरांतून वारीला जाणाऱ्यांशी कार्यकर्त्यांनी बोलले पाहिजे आणि त्यांच्या तोंडून मागण्या वदवून घेतल्या पाहिजेत. सफाई कामगारांना कंत्राटातून मुक्त करून कायम करा. कोणाचे घर वा दुकान पाडण्यापूर्वी त्याला पर्यायी जागा द्या. नदीत सांडपाणी सोडणे थांबवा. कॉरिडॉरचा विचार त्यानंतर.

परदेशी पाहुण्याने अवश्य यावे. त्याला वारकऱ्याच्याच रांगेत उभे राहू द्या आणि त्याच नळाचे पाणी पिऊ द्या. ते पाणी दोघांनाही निर्धास्तपणे पिता यावे, एवढे तरी शासनाने आधी करून दाखवावे.