वक्त्याचे कसब आणि श्रोत्याचे उमजणे

उल्कापाताने निर्माण झालेले सरोवर म्हणून लोणारची ख्याती जगभर आहे. मात्र तेराव्या शतकात बुलढाणा जिल्ह्याच्या याच भूमीवर मराठी वाणीचे एक थोर पर्व घडत होते, याचे स्मरण आपल्याकडे अभावानेच होते. श्रीचक्रधर स्वामींच्या भ्रमंतीत मेहकर आणि लोणार ही दोन्ही गावे येतात. लोणारला यादवनृपती कान्हरदेव त्यांच्या दर्शनास आल्याचा प्रसंग ‘लीळाचरित्रा’त आहे. स्वामींनी ग्रंथ लिहिला नाही. ते बोलत राहिले. राजाशी बोलले, तसेच भिक्षेकऱ्याशीही.

येथे सॉक्रेटिसचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. त्यानेही काही लिहून ठेवले नाही. इ.स.पूर्व ४२७ मध्ये गॉर्गिअस हा वक्ता राजदूत म्हणून अथेन्समध्ये आला आणि त्याच्या वाणीने नगर भारून गेले. पुढे प्लेटोने त्याच्याच नावाच्या संवादात या कलेवर घणाघात केला. लहान मुलांच्या न्यायसभेत हलवायाने वैद्यावर फिर्याद गुदरली, तर कडू काढा देणाऱ्या वैद्याचे कोण ऐकणार, असा त्याच्या सॉक्रेटिसचा सवाल आहे. (निवडणुकीच्या दिवसांत हा उतारा आवर्जून वाचावा.)

अ‍ॅरिस्टॉटलने मात्र वक्तृत्वाला झिडकारले नाही. त्याचे एक निरीक्षण मार्मिक आहे. अमुक मल्ल ऑलिंपियात जिंकला एवढे म्हटले की पुरे. तेथे मुकुट मिळतो, हे सांगावे लागत नाही, कारण ते सर्वांना ठाऊकच असते. युक्तिवादाचा उरलेला दुवा श्रोता स्वतः जोडतो. म्हणजे पटवून देण्याचे अर्धे काम श्रोत्याच्या मनात आधीपासून असलेल्या गोष्टींवर चालते.

स्वामींचे दृष्टांत नेमके हेच करतात. हत्ती चाचपणाऱ्या जन्मांधांची गोष्ट सांगितली की ऐकणारा पुढचा अर्थ आपणच लावतो. वादात जिंकण्याच्या ईर्ष्येने आलेले म्हाइंभट या वाणीपुढे नमले. पुढे त्यांनीच गावोगाव हिंडून स्वामींच्या आठवणी गोळा केल्या आणि सांगणाऱ्यांच्या आठवणीत जेथे फरक पडला तेथे पाठभेदही नोंदवले. केशोबास संस्कृतात रचना करू लागले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले. स्वामींचा सामान्य परिवार त्यामुळे वंचित होईल, ही त्यांची चिंता होती.

ही चिंता आज आपल्यात किती उरली आहे? समरसता, राष्ट्रभाव, संस्कृती हे शब्द आपल्या बौद्धिकांत सहज येतात, आणि टाळ्याही पडतात. पण त्या टाळ्या आधीच सहमत असलेल्यांच्या असतात. मेहकरच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बाईला त्यातले काय उमजते, याची चौकशी आपण क्वचितच करतो. तिच्या अनुभवातला दृष्टांत हवा, तर आधी तिच्याजवळ बसून तिचे ऐकावे लागेल.

महानुभावांच्या बाबतीत पुढे जे घडले ते चटका लावणारे आहे. पंथीयांनी आपले ग्रंथ सकळादी सांकेतिक लिप्यांत बंदिस्त केले. सामान्यांना कळावे म्हणून मराठीत ठेवलेली ती वाणी त्याच मराठी समाजाला शतकानुशतके वाचता येईना. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा केला, तेव्हा कुठे ती पोथी बाहेरच्या वाचकांसाठी उघडली.