निर्जन दऱ्यांचे मालक कोण?

स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्याला वळसा घालणारा सुमारे ५०० मैलांचा प्रवासमार्ग २०१५ साली गाजावाजा करून जाहीर झाला. तेव्हापासून सदरलंड परगण्यात पर्यटकांची रीघ लागली आहे. ओस दऱ्या, नांगरलेल्या होड्या आणि ‘क्रॉफ्ट’ म्हणजे कुळाचा जमिनीचा लहानसा तुकडा व त्यावरील घर, हे सारे पाहून पर्यटक ‘अस्पर्श निसर्गा’चे गोडवे गात परततो. हे गोडवे म्हणजे इतिहासाची विटंबना होय.

त्या दऱ्या निसर्गाने ओस पाडलेल्या नाहीत. स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात १८१४ व १८१९ साली सदरलंड जहागिरीच्या कारभाऱ्यांनी कुळांना हुसकून त्यांची घरे पेटवली. कारण मेंढ्या पाळणारे बडे मक्तेदार अधिक खंड देत होते. या लुटीवर मार्क्सने १८५३ मध्ये आणि पुढे ‘कॅपिटल’मध्येही कठोर प्रहार केले. विस्थापितांना समुद्रकाठी जे तुकडे मिळाले, ते मुद्दामच अपुरे ठेवलेले होते. केवळ शेतीवर पोट भरू नये आणि माणसाने मासेमारीकडे वा मजुरीकडे वळावे, हा त्यामागील हिशेब. शेती आणि मासेमारीचा जो ‘सुरेख मेळ’ पर्यटकाला मोहवितो, तो जमीनदाराच्या खतावणीत जन्मला आहे!

पुढे जे मिळाले, ते लढ्यातून मिळाले. १८८२ साली स्काय बेटावरील ब्रेझ येथे कुळे पोलिसांशी भिडली. १८८३ मध्ये चौकशी आयोग बसला. १८८६ च्या कायद्याने कुळांना वहिवाटीची शाश्वती व वाजवी खंड मिळाला. मात्र हिरावलेली जमीन परत मिळाली नाही. १९९३ साली असिंटच्या कुळांनी वर्गणी गोळा करून, दिवाळे निघालेल्या कंपनीची सुमारे २१,००० एकर जमीन ३ लाख पौंडांना विकत घेतली. आपल्याच भूमीसाठी कष्टकऱ्यांनी किंमत मोजावी, याला न्याय कसे म्हणावे?

पर्यटनाने रोजगार येतो, असे सांगितले जाते. येतो, हे खरे. पण घरे सुट्टीच्या भाड्यासाठी विकली जाऊ लागली, की गावच्या तरुण कोळ्याने राहावे कोठे? ज्या रोजगाराने गावकरीच बेघर होतो, त्याला विकास म्हणता येणार नाही. जमीन आणि घरे गावाच्या सामुदायिक मालकीची झाली, तरच पाहुण्याचा पैसा गावात टिकेल. तोवर तेथे जाणाऱ्या प्रत्येकाने देखाव्याचे कौतुक करण्यापूर्वी सातबारा विचारावा.